आमच्या डब्याही मोजा : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर), नवी दिल्ली

विषय : बायकांना वारंवार होणाऱ्या मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गावर देशात संशोधन होण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञ तर नाहीच. साखर कारखान्याच्या एका तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तीसेक वर्षं लोकांचं रक्त, थुंकी आणि लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल परिषद दरवर्षी जो अहवाल काढते, तो मी वाचते. तक्ते नीट बघते, कारण त्यातले जंतू माझ्या ओळखीचे आहेत. 2025 ते 2029 साठीचा नवा राष्ट्रीय कृती आराखडा आला, तोही चाळला. या सगळ्यात मी एका बाईला शोधते. सकाळी आठच्या सुमारास लॅबच्या खिडकीशी येते, लघवीची डबी रुमालात गुंडाळून पदराआड धरलेली असते, आणि आजूबाजूला पुरुष उभे असतील तर ते जाईपर्यंत ती बाकावर बसून राहते. ती मला कुठल्याच तक्त्यात सापडली नाही. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितेय, कारण वाचणाऱ्या निम्म्याअधिक बायकांना यातलं प्रत्येक वाक्य आपलंच वाटेल आणि त्यांनीही तुम्हाला लिहावं असं मला वाटतं.

माझा यात संबंध फक्त टेबलामागून नाही. पाळी गेल्यानंतरची तीन-चार वर्षं मी स्वतः हे दुखणं काढलं. लघवीला जळजळ, जाऊन आलं की पुन्हा कळ, ओटीपोटात ओढ, रात्रीच्या झोपेचं खोबरं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात दाखवत होते. दर वेळी गोळीचं नाव बदलायचं. आधी सिप्रोफ्लॉक्सासिन, मग ऑफ्लॉक्सासिन, मग सेफिक्झिम, शेवटी अमिकासिनची इंजेक्शनं. चार दिवस बरं वाटायचं, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सोबत एक सल्ला फुकट मिळायचा, ‘स्वच्छता ठेवत जा.’ दिवसभर हातमोजे घालून जंतूंशी काम करणाऱ्या बाईला!

पाळी गेल्यावर योनीमार्गातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होतं, तिथले उपकारक लॅक्टोबॅसिलस जंतू ओसरतात आणि आतड्यातल्या ई. कोलाय जंतूला मूत्रमार्गापर्यंतची वाट मोकळी होते, हे मला कुणी सांगितलं नाही. इस्राएलमधल्या डॉ. राझ आणि अमेरिकेतल्या डॉ. स्टॅम यांनी 1993 सालीच 93 बायकांवर चाचणी घेऊन दाखवलं होतं की योनीमार्गात लावायच्या साध्या इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीमने संसर्गाचं प्रमाण वर्षाला 5.9 वरून 0.5 वर येतं. त्या साली मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करत होते. म्हणजे माझ्या अख्ख्या नोकरीभर ही माहिती जगात होती आणि माझ्या तालुक्यात आली नाही. पुढे एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी ते क्रीम दिलं आणि माझं बरंचसं निभावलं. खिडकीशी येणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांचं निभावलेलं नाही.

आकाराची कल्पना असावी म्हणून थोडे आकडे देते, तुम्हाला ते ठाऊक असणारच. जगातल्या निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला सहा महिन्यांत तो पुन्हा होतो. 2019 साली जगभरात याचे 40 कोटींवर रुग्ण झाले आणि 2 लाख 30 हजारांहून जास्त माणसं दगावली. पुरुष, लहान मुलं आणि कॅथेटर लावलेले रुग्ण यांचेही प्रश्न आहेत. प्रोस्टेटच्या म्हाताऱ्यांवर तर वेगळं पत्र होईल. आज मी बायकांपुरतं बोलते.

आता तक्रारी.

पहिली मोजणीची. परिषदेने 2013 साली जंतूंच्या औषधांना होणाऱ्या प्रतिरोधाच्या नोंदीसाठी रुग्णालयांचं जाळं उभं केलं. काम चांगलं आहे, आणि अशी शिस्तीची नोंद या देशात सोपी नसते हेही मी जाणते. पण त्यातला माल प्रामुख्याने मोठमोठ्या रुग्णालयांतून येतो. तिथे पोचणारी बाई कोण असते? गावच्या डॉक्टरकडून दोनदा, मेडिकलवाल्याकडून एकदा आणि शेजारणीच्या उरलेल्या पाकिटातून एकदा गोळ्या खाऊन झालेली. तिच्या लघवीतला ई. कोलाय दांडगा असणारच. आमच्याकडेही तसंच आहे. पहिल्यांदा त्रास झालेल्या बाईचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून कोणतं औषध चालेल ते बघणं, कुणी करत नाही, पाचशे ते हजार रुपये कोण घालवणार. गोळ्या फसल्या की मग कल्चर. म्हणजे आपल्याकडची आकडेवारी मुळातच फसलेल्या उपचारांची आहे. ती बघून डॉक्टर म्हणतो, जंतू फार माजलेत, थेट वरचं औषध देऊया. वरचं औषध दिलं की पुढच्या वर्षीचा आकडा आणखी वाईट येतो. पहिल्यांदाच जळजळ झालेल्या, एकही गोळी न घेतलेल्या बाईच्या लघवीत आज महाराष्ट्रात कोणता जंतू आहे आणि तो कशाने मरतो, याचा विश्वासाने हात ठेवावा असा आकडा माझ्या डॉक्टरांपाशी नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत मायक्रोबायोलॉजीची मुलं दरवर्षी यावर प्रबंध लिहितात. तेही त्याच रुग्णालयाच्या कल्चर रजिस्टरवरून. प्रबंध कपाटात जातात आणि पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी तेच रजिस्टर उघडतो.

दुसरी तक्रार चाचणीची, आणि ही माझ्या हातची असल्यामुळे जरा लांबेल.

कल्चरचा रिपोर्ट लिहिताना आम्ही आजही एका मिलिलिटरमागे एक लाख जंतू हा आकडा मनात धरतो. त्याच्या खाली आलं की ‘नो सिग्निफिकंट ग्रोथ’, म्हणजे दखल घ्यावी अशी वाढ नाही. हा आकडा 1950 च्या दशकातला, बॉस्टनच्या एडवर्ड कास यांचा. त्यांनी तो मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेल्या आणि काहीच त्रास नसलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून बांधला होता. जळजळीने हैराण होऊन आलेली तरुण बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. 1982 मध्ये स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच बायका तपासल्या. मूत्राशयात खरोखर जंतू असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणी या एक लाखाच्या निकषात बसतच नव्हत्या. अशा बायकांसाठी शंभर जंतूही पुरेसे धरावेत, असं त्यांनी सुचवलं. याला चाळीस वर्षं उलटून गेली. माझ्या टेबलावर ‘नो सिग्निफिकंट ग्रोथ’ घेऊन रडवेली झालेली बाई अजून येते आणि घरी नवऱ्याला काय सांगू म्हणून विचारते, कारण घरचे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

उलटी चूकही तितकीच होते. आमच्या गावात कल्चर होत नाही. सकाळी गोळा केलेले नमुने दुपारच्या गाडीने जिल्ह्याला जातात. लघवी बाहेर ठेवली तर दोन तासांच्या आत प्लेटवर लावायला हवी, नाहीतर फ्रीजमध्ये तरी हवी, किंवा डबीत बोरिक ॲसिड हवं. मे महिन्यात गाडीच्या टपाजवळच्या फळीवर चार तास बसलेल्या डबीत काय होतं ते मी सांगायला नको. थोडे जंतू लाख होतात. ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे अनेक जंतूंची सरमिसळ, असा शेरा येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्वचेवरचा एखादा निरुपद्रवी जंतू संसर्ग म्हणून छापला जातो आणि बाईला सात दिवसांची गोळी बसते. आमच्याच लॅबचे रिपोर्ट असे आलेले मी पाहिले आहेत. बोरिक ॲसिडच्या डब्या मागवल्या, तर मालकांना खर्च परवडेना.

इकडे जग कुठे गेलंय? लघवी निर्जंतुक असते असं आम्हाला शिकवलं होतं. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 पासून दाखवून दिलं की निरोगी मूत्राशयातही जंतूंची वस्ती असते. सेंट लुइसच्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या प्रयोगशाळेने 2003 मध्ये उंदरांत दाखवलं की ई. कोलाय मूत्राशयाच्या पेशींच्या आत शिरून घोळक्याने दडून बसतो. पुढे तसलेच घोळके संसर्ग झालेल्या बायकांच्या लघवीतल्या पेशींतही सापडले. गोळ्या संपल्यावर दुखणं परत का येतं, याचं एक सबळ उत्तर तिथे आहे. ब्रिटनने प्रतिरोधाविरुद्धच्या चाचणीसाठी लाँजिट्यूड पारितोषिक ठेवलं होतं. 2024 मध्ये त्याचे 80 लाख पौंड एका स्वीडिश यंत्राला मिळाले. ते लघवीत जंतू आहेत का हे 15 मिनिटांत आणि कोणतं औषध चालेल हे 45 मिनिटांत सांगतं, तेही दवाखान्यातल्या टेबलावर. असं काही आपल्या तालुक्यात चालेल का, धूळ, भारनियमन आणि 42 अंशांत टिकेल का, एका चाचणीचा खर्च किती पडेल, हे कुणी तपासायचं? यंत्र विकणारी कंपनी तपासेल तेव्हा तपासेल. मला वाटतं ते काम तुमचं आहे.

तिसरी तक्रार औषधांची. इथे मला आधी कौतुक करायचंय. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेलं एन्मेटाझोबॅक्टम, सेफेपिमबरोबर मिळून, 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही गुंतागुंतीच्या मूत्रमार्ग संसर्गासाठीच. छत्रपती संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टच्या सेफेपिम-झिडेबॅक्टमचीही मोठी चाचणी याच आजारावर झाली. आपल्या मराठवाड्यातून असं काम होतं हे वाचून छाती फुगते. पण ही दोन्ही शिरेतून द्यायची, रुग्णालयात दाखल झालेल्यांची औषधं आहेत. आग गच्चीपर्यंत पोचल्यावर वापरायचे हे बंब. स्वयंपाकघरात पहिली ठिणगी पडते तिथे कोणी बघत नाही.

त्या पहिल्या टप्प्यावर आपल्याकडे आहे काय? नायट्रोफ्युरँटॉइन, 1953 पासूनचं. फॉस्फोमायसिन, 1969 मध्ये स्पेनमध्ये सापडलेलं. दोन्ही जुनी, दोन्ही अजून बऱ्यापैकी चालतात, असं तुमचेच अहवाल म्हणतात. सिप्रोसारख्या औषधांचा ई. कोलायवर फारसा भरवसा उरलेला नाही, हेही त्याच अहवालांत आहे. शिवाय साध्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्येच बजावलं. तरी आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर पहिलं नाव तेच असतं. तुमच्या मार्गदर्शक पुस्तिकेत बरोबर औषध लिहिलेलं आहे. मात्र ती पुस्तिका माझ्या गावातल्या किती दवाखान्यांत उघडली गेली, याचा अभ्यास झालेला मला माहीत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस द्यावं की फॉस्फोमायसिनचा एकच डोस, याची तुलना स्वित्झर्लंड, पोलंड आणि इस्राएलमध्ये 513 बायकांवर झाली आणि 2018 मध्ये छापून आली. पाच दिवसांच्या गोळ्यांनी 70 टक्के बायका पूर्ण बऱ्या झाल्या, एका डोसाने 58 टक्के. आमच्याकडे चार दिवसांचा रोज बुडवून दवाखान्यात न येऊ शकणाऱ्या बाईला एक डोस सोयीचा वाटतो. तिच्यासाठी हा हिशेब काय सांगतो? परदेशातल्या बायकांवरून मी तिला सांगू शकत नाही.

2024 आणि 2025 मध्ये अमेरिकेत साध्या संसर्गासाठी तीन तोंडी औषधं मंजूर झाली. एप्रिल 2024 मध्ये पिव्हमेसिलिनम, जे युरोपात चाळीसेक वर्षं वापरात आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुलोपेनेम. मार्च 2025 मध्ये जेपोटिडासिन, आणि ते तर जवळजवळ तीस वर्षांनी आलेला नवा प्रकार. यातलं कोणतं इथे हवं, कोणतं मुद्दाम राखून ठेवायचं, हे ठरवायला आधी पहिल्या तक्रारीतला आकडा लागतो. तो नसेल तर औषध आलं की मेडिकलच्या फळीवर लागेल आणि पाच वर्षांत सिप्रोच्या रांगेत जाऊन बसेल.

एक आठवण करून देते. एनडीएम-1, म्हणजे बडी प्रतिजैविकं निकामी करणारं जंतूंमधलं ‘न्यू दिल्ली’ नावाचं विकर, हे नाव आपल्या सगळ्यांना झोंबलं होतं, दिल्लीचं नाव त्याला का म्हणून केवढा गदारोळ झाला 2010 मध्ये. ते ज्या जंतूत पहिल्यांदा सापडलं, तो भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या लघवीच्या नमुन्यातला होता. नावावर आपण जितकं भांडलो, तितकं लघवीच्या डब्यांकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

चौथी तक्रार माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याची. पाण्याची.

2018 साली बल्गेरियातल्या एका चाचणीचा निकाल आला. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या 140 बायका घेतल्या. त्यांच्यापैकी अर्ध्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. गोळी नाही, इंजेक्शन नाही, साधं पाणी.

आमच्या भागात हाच प्रयोग उलट्या दिशेने चालू आहे आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही. गळीत हंगाम लागला की बीड, धाराशिव, जालन्याकडून कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, येतात. पहाटे फडात जायचं, दिवस मावळल्यावर यायचं. फडात आडोसा नाही, राहायच्या कोपीवर (खोपटावर) संडास नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात, आणि उचल आधीच घेतलेली. मागच्या हंगामात तापाने फणफणलेली एक तरुण बाई डबी घेऊन आली. लघवी इतकी गडद होती की मी दोनदा विचारलं, काविळीचा काही त्रास आहे का. पट्टी बुडवली तर नायट्राइट आणि ल्युकोसाइट हे संसर्गाची खूण देणारे दोन्ही रकाने क्षणात रंगले, सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्सचा (पुवाच्या पेशींचा) खच पडलेला. पाणी किती पिता, विचारलं. म्हणाली, ‘सकाळच्याला च्या, मग रातीच. पानी पिऊन जायाचं कुठं, ताई? मुकादम बी तिथंच, बाप्ये बी तिथंच.’ तिला मी काय सांगणार होते? बल्गेरियाचा अभ्यास?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये गाजला, राज्य सरकारने समिती नेमली. त्या बायकांच्या ओटीपोटातल्या दुखण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग किती होता आणि तो कधी तपासला गेला का, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो. आणि फक्त ऊसतोड बायकाच कशाला? एसटीच्या महिला वाहक, चौकात उभ्या असणाऱ्या वाहतूक पोलीस, दोन शिक्षकी शाळेतल्या बाई, भाजी घेऊन बसणाऱ्या, सगळ्या जणी पाणी मोजून पितात. मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळ 2011 पासून हेच सांगत आली. मुताऱ्या बांधणं परिषदेचं काम नाही, मान्य. पण लघवी तासन्‌तास कोंडून ठेवल्याने आणि पाणी तोडल्याने आपल्या हवेत, आपल्या कामात, आपल्या बायकांना किती संसर्ग होतात, किती जणींचा मूत्रपिंडापर्यंत जातो, आणि कामाच्या ठिकाणी संडास व पाणी दिल्यावर तो आकडा किती खाली येतो, हे मोजणं तुमचंच काम आहे. असा आकडा असता तर कारखान्याच्या संचालकांसमोर आणि साखर आयुक्तांसमोर ठेवता आला असता. ‘बायकांची कुचंबणा’ म्हटलं की मान डोलावतात आणि पुढच्या विषयाला जातात.

प्रतिबंधाचं बाकी संशोधनही असंच सगळं परक्या अंगणात. मेथेनामिन हिप्युरेट हे जुनं, प्रतिजैविक नसलेलं औषध रोजच्या प्रतिजैविकाइतकंच उपयोगी ठरू शकतं, हे 2022 मध्ये ब्रिटनने 240 बायकांवर तपासलं. डी-मॅनोज नावाची साखर औषधांच्या दुकानात महाग विकली जाते. तिचा उपयोग होत नाही, हेही 2024 मध्ये ब्रिटननेच 598 बायकांवर तपासून सांगितलं. ती पावडर आमच्या गावच्या मेडिकलमध्ये अजून आहे. जिभेखाली फवारायच्या एमव्ही140 लशीची चाचणी स्पेन आणि ब्रिटनमध्ये झाली. नऊ महिन्यांत संसर्ग न झालेल्या बायका लस घेतलेल्यांत 56 ते 58 टक्के होत्या, नुसता फवारा घेतलेल्यांत 25. क्रॅनबेरीचा उपयोग होतो, असं 2023 च्या 50 अभ्यासांच्या आढाव्यात आलं. क्रॅनबेरी मी पाकिटावरच्या चित्राखेरीज पाहिलेली नाही.

आमच्याकडे घरोघरी धणे-जिऱ्याचं पाणी आहे, वाळा आहे, गोखरू आहे, वैद्यांची चंद्रप्रभा वटी आहे. जर्मनांनी त्यांच्याकडच्या अशाच एका झाडपाल्याची, अस्वलद्राक्षाच्या पानांची, फॉस्फोमायसिनसमोर रीतसर चाचणी घेतली. 2021 मध्ये जे निघालं ते छापलं. प्रतिजैविकं कमी लागली, पण बायकांना त्रास जास्त सोसावा लागला. पटलं नाही तरी कळलं. आपल्याकडे आयुष मंत्रालय आहे, तुमची परिषद आहे, आणि गोखरूच्या बाबतीत मी अजूनही बायकांना ‘घेऊन बघा’ एवढंच म्हणते.

पाचवी तक्रार दोन ओळींची. गरोदर बाईची लघवी आम्ही अल्ब्युमिन आणि शुगरसाठी तपासतो. काहीही त्रास नसताना लघवीत जंतू असतील तर तिच्यात ते मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात, आणि त्यासाठी कल्चर करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सांगितलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे कसं जमवायचं, याचा मार्ग शोधून द्या.

मागण्या सरळ आहेत.

एक, रुग्णालयाबाहेरच्या, पहिल्यांदा त्रास झालेल्या बायकांची पाहणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि तालुक्याचे दवाखाने निवडा, येईल त्या प्रत्येक बाईचं कल्चर सरकारी खर्चाने करा, आणि निकाल जिल्हावार, डॉक्टरला एका पानात वाचता येईल असा छापा. तुमची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था मुंबईत परळला आहे. डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधनाचं केंद्र आहे. सुरुवात तिथून होऊ शकते.

दोन, कल्चरचा निकष, नमुना नेण्याची पद्धत आणि बोरिक ॲसिडच्या डब्या यांबद्दल लहान लॅबसाठी स्पष्ट सूचना काढा, आणि डब्यांचा खर्च कुणी करायचा तेही त्यात लिहा. नुसतं ‘योग्य ती काळजी घ्यावी’ लिहून पाठवू नका.

तीन, जलद चाचण्या आपल्या हवेत आणि आपल्या विजेवर तपासा.

चार, पाणी आणि संडास यांची चाचणी घ्या. येत्या गळीत हंगामात काही कारखान्यांच्या टोळ्यांना फिरती शौचालयं आणि पिण्याचं पाणी द्या, काहींना त्यांच्या पाठोपाठ द्या, आणि दोन्हीकडच्या संसर्गांची तुलना करा. मुकादमामार्फत बायका निवडू नका, नाहीतर त्याला हव्या त्याच बायका तुमच्यासमोर येतील. संमतीचा कागद वाचून दाखवणारी बाई त्यांच्याच भागातली असू द्या.

पाच, पाळी गेलेल्या बायकांसाठी इस्ट्रिऑल, तरुण बायकांसाठी मेथेनामिन, आणि जमलं तर गोखरू, यांच्या चाचण्या इथल्या बायकांवर घ्या. निकाल ‘उपयोग नाही’ असा आला तरी छापा.

सहा, या अभ्यासांची रचना ठरवणाऱ्या समितीत ज्यांना हे दुखणं आहे अशा बायका घ्या. प्रकल्पाच्या शेवटी प्रश्नावली भरायला बोलावू नका, सुरुवातीला बोलवा. एक ऊसतोड बाई आणि एक एसटी वाहक असेल तर चाचणीची वेळ सकाळी अकराची ठेवायची चूक तरी होणार नाही.

पैशांचं मला कळतं. परिषदेचा पैसा मोजका आहे, क्षयरोग आहे, डेंगी आहे, उद्या आणखी काही येईल. तरी वर मागितलेल्या गोष्टींत एकही मोठं यंत्र नाही. बहुतेक खर्च डब्या, प्लेटा, गाडीभाडं आणि माणसांचा पगार एवढाच आहे. माझ्यासारखे टेक्निशियन प्रत्येक तालुक्यात आहेत. नमुने गोळा करायचं आणि नोंद ठेवायचं काम आम्हाला येतं, आणि ते करायची आमची तयारी आहे.

या पत्राचं उत्तर मला घरच्या पत्त्यावर नको. परिषदेच्या संकेतस्थळावर, वरच्या सहा मागण्यांपैकी कोणती घेतली, कोणती नाकारली आणि का, असं मराठी आणि हिंदीत छापा. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो. चौथ्या मागणीचा निर्णय त्याआधी कळला तर टोळ्या येण्यापूर्वी तयारी करता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक लॅब टेक्निशियन
(पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून)